एक पॉइंट आठ

त्या गुरुवारी दुपारी तीनला दहा मिनिटं कमी असताना काट्याच्या खोलीत चौदा मुलगे होते आणि मी होते. एक लाकडी बाक होता. भिंतीत नऊ खुंट्या होत्या, त्यांतल्या सहांवर टॉवेल. कोपऱ्यात बादली आणि पोछा, खिडकीखाली निळ्या चटईच्या चौकोनी तुकड्यावर ठेवलेला वजनकाटा, आणि बाकाखाली थुंकायच्या पाच बाटल्या. बाटल्या मी रोज मोजायची, कारण सराव संपल्यावर त्या रिकाम्या करून धुवायचं कामही माझ्याकडेच होतं.

"एमेट नोवाक," मी हाक मारली.

तो काट्यावर चढला. हात शरीराला चिकटवून, श्वास रोखून उभा राहिला, जणू श्वासालाही वजन असतं. आकडे थरथरले आणि थांबले.

"एकशे एकतीस पॉइंट सहा." मी वाचलं आणि वहीत लिहिलं.

"परत वाच, रू. कानाला बरं वाटतं."

"एकशे एकतीस पॉइंट सहा. उतर आता, मागे रांग लागलीय."

"हिला चार दिवसांनी जेवायला मिळालं असतं तर हिनेही परत वाचायला सांगितलं असतं," एमेट मागच्याला म्हणाला, आणि चौदाही जण हसले. उपाशी माणसं कशालाही हसतात.

माझं नाव ऋजुता खासनीस. तिथे कुणाला ते पूर्ण म्हणता यायचं नाही, म्हणून रू. वडिलांच्या कंपनीने त्यांना कराडहून थेट ओहायोत पाठवलं तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. घराशेजारची सरकारी शाळा बावीसशे मुलांची, तिच्यात तीन व्यायामशाळा, एक तलाव आणि रसायनशास्त्राच्या चार प्रयोगशाळा. शेवटच्या वर्षी मी कुस्तीच्या संघाची मॅनेजर होते. त्यालाही रसायनशास्त्रच कारण. आमचे रसायनशास्त्राचे शिक्षक डोलन हेच कुस्तीचे कोच. एक दिवस माझी प्रयोगवही चाळून ते म्हणाले, "अशीच एक वही मला हवीय. फक्त आम्लांची नाही, पोरांच्या वजनांची."

कोच डोलनच्या वर्गात वहीचा एक नियम होता. शाईनेच लिहायचं. चुकलं तर खोडायचं नाही, पांढरं लावायचं नाही. एक रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी आपली आद्याक्षरं. न वाचता आकडा लिहिणाऱ्याला त्यांच्या लेखी क्षमा नव्हती. "प्रयोग फसला तर मी चहा पाजीन," ते म्हणायचे, "आकडा बनवलात तर दार दाखवीन."

तिथल्या कुस्तीत वजनाचे चौदा गट असतात आणि गटागटाची लढत होते. ज्याचा गट एकशे बत्तीस पौंडांचा, त्याने लढतीआधी काट्यावर एकशे बत्तीसच्या आतच भरायचं. साठ किलोला थोडं कमी. वर गेला तर कुस्ती न लढताच हरला, आणि समोरच्या संघाला सहा गुण. आमच्या संघात तेरा जण आपापल्या मर्यादेच्या तीन-चार पौंड आत असायचे. काठावरून चालणारा एमेट एकटाच. तो शेवटच्या वर्षाला होता. आदल्या वर्षी राज्य स्पर्धेच्या दारातून एका कुस्तीने परत आला होता. दोन आठवड्यांनी विभागीय निवड स्पर्धा होती, आणि एका छोट्या कॉलेजचे प्रशिक्षक खास त्याला बघायला येणार होते. कॉलेजात जायचा दुसरा रस्ता त्याच्याकडे नव्हता. हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण तो ते रोज कुणाला तरी सांगायचा.

आईला हा सगळा प्रकार कधी पटला नाही. "आमच्या कराडात पैलवान दूध-बदाम खातात," ती म्हणायची. "तुमचे च्युइंगगम चघळून बाटलीत थुंकत बसतात. ही कसली कुस्ती?"

"थुंकलं की वजन कमी होतं, आई."

"किती?"

"तासाला पन्नास ग्रॅम. फार तर शंभर."

"शी," आई म्हणाली. माझ्या मते विषय तिथे संपला होता.

एमेटबद्दल माझं मत ऑक्टोबरमध्येच बनलं होतं. प्रयोगशाळेत तो माझा जोडीदार. एकदा ब्युरेटमधून थेंब थेंब सोडून द्रावण गुलाबी झालं, मी क्षणभर फ्लास्ककडे बघितलं, आणि मान वर केली तर त्याच्या वहीत तेवीस पॉइंट चार लिहून झालेलं. मी ब्युरेट वाचली. तेवीस पॉइंट चारच होतं. पण तो वाचताना मला दिसला नव्हता. मी कुणाला काही बोलले नाही. मनात मात्र एक खूण करून ठेवली.

तर त्या गुरुवारी आमची शेवटची लीग लढत, समोरच्या संघाच्या शाळेत. जिंकलो तर अकरा वर्षांनी विजेतेपद. सव्वातीनला पिवळी बस निघाली. मी पाचव्या रांगेत होते, एमेट तिसऱ्या. डोक्यावर जॅकेटची टोपी, खिडकीकडे तोंड. बाकीचे पारदर्शक बाटल्यांत थुंकायचे, त्याची बाटली करड्या रंगाची होती, आत काय आहे ते दिसू न देणारी. त्याने ती तोंडाला लावलेली मी सात वेळा बघितली. पहिल्या दोन वेळा काही वाटलं नाही. तिसऱ्या वेळेपासून मोजायला लागले.

"एवढं काय बघतेस?" शेजारी बसलेल्या ब्राइसने विचारलं. ब्राइस दहावीचा, एकशे बत्तीसचाच राखीव मल्ल. एमेट असेपर्यंत तिथे त्याला संधी नव्हती, म्हणून तो वरच्या गटातली रिकामी जागा भरायचा.

"काही नाही."

"थुंकताना मान खाली घालतात," ब्राइस हळूच म्हणाला. "याची वर जातेय."

मी परत बघितलं. खरंच वर जात होती? की बस उसळत होती? आठव्यांदा त्याने बाटली उचललीच नाही.

त्यांच्या शाळेत वजनं रेफरी घेतो. मी दाराबाहेर वही घेऊन उभी होते. आतून एकेक नाव आणि मागोमाग रेफरीचा आवाज येत होता. "ओके. ओके. ओके." मर्यादेच्या आत भरला की तो आकडा सांगत नाही, फक्त ओके म्हणतो. मग नोवाक हे नाव आलं, आणि ओके आलं नाही.

"एकशे तेहेतीस पॉइंट चार," रेफरी म्हणाला. "जास्त आहे, बाळ. उतर, मोजे काढ, पुन्हा चढ."

 मग, "एकशे तेहेतीस पॉइंट चार."

"शक्य नाही," एमेटचा आवाज आला. "रू! रू, किती होतं माझं?"

दाराबाहेरून मी खणखणीत सांगितलं, "एकशे एकतीस पॉइंट सहा!"

रेफरीने माझ्या वहीला विचारलं नव्हतं. त्याने पुढचं नाव घेतलं. "ओके."

आम्ही चौतीस-एकतीस हरलो. सहा गुण कुठे गेले हे सगळ्यांना मोजता येत होतं. एमेट बाकाच्या टोकाला चटईकडे बघत बसला होता, आणि त्याच्या शेजारी कुणी बसलं नव्हतं. परतताना बसमध्ये मी जागेवरून उठले, टॉवेल गोळा करायच्या निमित्ताने. त्याची करडी बाटली बॅगच्या बाजूच्या खिशात होती. मी उचलून हलवली. रिकामी. बुडाशी आकडा छापलेला होता: ८०० मिलिलिटर.

त्या रात्री मी गणित केलं. एकशे तेहेतीस पॉइंट चारमधून एकशे एकतीस पॉइंट सहा वजा. एक पॉइंट आठ पौंड. एका पौंडाचे चारशे त्रेपन्न ग्रॅम, म्हणून आठशे सोळा ग्रॅम. आठशे मिलिलिटर पाण्याचं वजन आठशे ग्रॅम. वरचे सोळा ग्रॅम काट्याच्या चुकीत बसतात. इतकं चोख जुळलेलं उत्तर प्रयोगशाळेतही मला क्वचित मिळालं होतं.

शुक्रवारी सकाळी पहिल्या तासाआधी कोचनी मला प्रयोगशाळेत बोलावलं. टेबलावर माझी वही उघडी होती.

"काटा?" त्यांनी विचारलं.

"वजनं घेण्याआधी शून्य, घेतल्यावर शून्य. दोन्ही लिहिलंय. काउंटीच्या तपासणीचा स्टिकर मेपर्यंत चालतो."

"त्यांचा काटा?"

"त्यावर त्यांचे चौदा आणि आपले तेरा पास झाले."

कोचनी चष्मा काढून डोळे चोळले. "तो म्हणतो, घोटभरही प्यायलो नाही. उलट सगळा रस्ता थुंकत होतो, तीन औंस, म्हणजे ऐंशी-नव्वद ग्रॅम तरी गेले असतील. बसमधून उतरल्यावर बाटली गटारात ओतली म्हणतो."

"मग वजन कमी व्हायला हवं होतं, कोच. वाढलं."

"आईची शपथ घेतोय, रू."

"आकडा शपथ घेत नाही," मी म्हणाले. हे वाक्य तेव्हा मला फार आवडलं होतं.

मी त्यांना आठशे सोळा ग्रॅम दाखवले. बाटलीचे आठशे मिलिलिटर सांगितले. सात वेळा हेही सांगितलं. मान वर जाते हे ब्राइसचं निरीक्षण होतं, पण सांगताना मी ते माझं म्हणून सांगितलं. कोचनी वही मिटली. मग त्यांनी दार उघडून एमेटला आत बोलावलं. तो बाहेरच उभा होता.

मला बघून त्याचा चेहरा उजळला. "बरं झालं तू आहेस. सांग ना त्यांना. तूच वाचलंस, दोनदा वाचलंस."

मी टेबलावरच्या वहीकडे बघितलं.

"एमेट," कोच म्हणाले, "वजन चुकणं मी माफ करतो. माझंही चुकलंय तुझ्या वयात. तू प्यायलास एवढं म्हण आणि विषय संपव."

"नाही प्यायलो."

"मग आठशे ग्रॅम कुठून आले?"

"मला काय माहीत? तुम्ही केमिस्ट्रीचे सर ना?"

हे बोलायला नको होतं. कोचची मान ताठ झाली. "विभागीयला एकशे बत्तीसमध्ये ब्राइस उतरेल," ते म्हणाले. "वजनासाठी नाही. खोट्यासाठी."

एमेटने माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. वर्गात फळ्यावरचं समीकरण कळलं नाही की तो असाच बघायचा.

त्यानंतरचे दोन आठवडे आम्ही त्याच टेबलावर शेजारी शेजारी प्रयोग करत होतो. ब्युरेट वाचायची वेळ आली की तो बाजूला सरायचा.

"तू वाच," तो म्हणायचा.

"तुझी पाळी आहे."

"मी वाचलं तरी तू परत वाचणार. वेळ कशाला घालवायचा?"

एकदा मात्र फ्लास्क हलवता हलवता तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "बसमध्ये तू माझ्या मागे दोन रांगांवर होतीस. विचारायचं होतंस. नुसतं विचारायचं, एमेट, काय करतोयस?"

"तू खरं सांगितलं असतंस?"

"हो," तो म्हणाला. द्रावण गुलाबी झालं. त्या दिवशी आकडा दोघांपैकी कुणीच लिहिला नाही, पुन्हा सगळं करावं लागलं.

विभागीय स्पर्धेत ब्राइस दोन कुस्त्या लढला आणि दोन्ही हरला. एमेट प्रेक्षकांच्या सगळ्यात वरच्या पायरीवर टोपी ओढून बसला होता. कॉलेजचे प्रशिक्षक आले, त्यांनी यादी बघितली, कोचशी दोन मिनिटं बोलले आणि दुसऱ्या चटईकडे वळले. मी वरती बघितलं तेव्हा पायरी रिकामी होती. माझ्या मनात आलं, जाताना पाणी प्यायला असेल.

हंगाम संपल्यावर संघाचं जेवण असतं. पालक येतात, बक्षिसं देतात. कोच मला म्हणाले, "तुझ्या वहीतून एक छानसा तक्ता बनव. सगळ्या पोरांची हंगामभराची वजनं एका पडद्यावर. आया खूश होतील."

रविवारी सकाळी मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसले. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, चौदा मुलं, चौदा रंगांच्या रेघा. आई ओट्यापाशी चटणी वाटायची तयारी करत होती.

आकडे भरून झाले आणि मी रेघा काढल्या. नोव्हेंबरमध्ये त्या वर-खाली नाचत होत्या, नाताळात सगळ्याच फुगल्या होत्या, जानेवारीत हळूहळू उतरत होत्या. मग फेब्रुवारीच्या सात तारखेला, मंगळवारी, चौदाही रेघा एकदम खाली पडल्या होत्या. एखाद्या जिन्याची एक पायरी असावी तशा. एकशे सहा पौंडांचा मुलगा दीड पौंडाने, एमेट दोनने, सगळ्यात जाडा जेरेमाया अडीचने. एका रात्रीत. आणि हंगाम संपेपर्यंत कुणीच परत वर आला नव्हता.

मला त्या आठवड्यातलं कोचचं वाक्य आठवलं. "बघा, शेवटी लागली की नाही शिस्त?" ते म्हणाले होते, आणि सगळे खूश झाले होते. रोज मी प्रत्येकाचा आकडा त्याच्या मर्यादेशी ताडून बघत होते. शेजारच्याच्या आकड्याशी कधी ताडला नव्हता.

पहिला विचार हाच आला की काट्याला कुणीतरी हात लावला. दुसरा विचार ब्राइसचा. एमेट बाद झाला की फायदा त्याचाच. बसमध्ये मान वर जातेय हे त्यानेच तर सुचवलं. मी कागद ओढला आणि लिहायला लागले: सहा तारखेच्या संध्याकाळपासून सात तारखेच्या दुपारपर्यंत काट्याच्या खोलीत कोण कोण गेलं. खोलीला कुलूप असायचं. किल्ल्या दोन. एक कोचकडे, एक माझ्याकडे. ब्राइसने माझ्याकडे किल्ली कधी मागितली होती का? टॉवेल राहिला म्हणून एकदा मागितली होती. कधी? जानेवारीत. मी जानेवारी लिहिलं आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं.

"ऋजू, तो फडका दे गं जरा," आई म्हणाली.

मी खुर्चीवरची जुन्या पंच्याची घडी उचलून तिला दिली. तिने ती ओट्यावर नीट पसरली आणि वर मिक्सर ठेवला. आमच्या घरी कुठलीही वस्तू नुसती ठेवत नाहीत. मिक्सरखाली पंचा, कुंडीखाली ताटली, शिवणयंत्राच्या पायांखाली रबराच्या चकत्या. कराडातही असंच होतं, ओहायोतही असंच.

"खाली काही नसलं की थरथरतं मेलं," आई म्हणाली. मग मिक्सरचं झाकण दाबताना तिला आठवलं. "तुझ्या त्या काट्याला दिला होता ना मी तुकडा कापून? माझ्या योगाच्या चटईचा? फरशीवर खडखडतो म्हणत होतीस. बसला का नीट?"

"कधी दिलास, आई?"

"त्या सोमवारी नाही का, तुझे बाबा पुण्याला निघाले त्या दिवशी."

भिंतीवरच्या कॅलेंडरवर बाबांच्या विमानाची वेळ तिच्याच अक्षरात लिहिलेली होती. सहा फेब्रुवारी.

मिक्सर सुरू झाला. मी कागदावरचं ब्राइसचं नाव बघत राहिले. रिकामा काटा शून्य दाखवतो, तो चटईवर असला तरी शून्यच दाखवतो. माणूस चढला की काट्याचे चार पाय मऊ चटईत रुततात, काट्याचं पोट खाली टेकतं, आणि माणसाच्या वजनातलं थोडंसं पायांना चुकवून पोटातून सरळ जमिनीत जातं. माणूस जितका जड, तितकं जास्त. हे मला अकरावीच्या भौतिकशास्त्रात येत होतं. परीक्षेत आलं असतं तर पैकीच्या पैकी मिळाले असते.

"काय गं, अशी काय बसलीस?" आईने मिक्सर थांबवून विचारलं.

"काही नाही."

तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "त्या बाटलीवाल्या पोराचं काही आहे का?"

"तो पाणी प्यायलाच नव्हता, आई."

"मग सांग त्याला," आई म्हणाली. "इथे बसून मला काय सांगतेस?"

सोमवारी रसायनशास्त्राच्या तासाला मी एमेटला म्हणाले, "तीन वाजता काट्याच्या खोलीत येशील?"

"कशाला? पुन्हा मोजायचंय मला?"

"तुला नाही. येताना व्यायामशाळेतून वजनाच्या तीन चकत्या आणशील? पंचेचाळीस पौंडी."

त्याने भुवया उंचावल्या. "कोच येणारेत?"

"मी बोलावलंय."

तीन वाजता खोलीत आम्ही तिघं होतो. एक बाक, नऊ खुंट्या, टॉवेल एकही नाही. बादली आणि पोछा जागेवर. काटा जागेवर, चटईवर. एमेटने दोन फेऱ्या करून तीन चकत्या आणल्या आणि भिंतीला टेकून उभा राहिला. कोच बाकावर बसले.

"काय दाखवायचंय, रू?" त्यांनी विचारलं. हातातलं घड्याळ त्यांनी एकदा बघून घेतलं.

मी वही उघडली, तारीख लिहिली, काटा शून्यावर आहे हे लिहिलं आणि चकत्या एकावर एक ठेवल्या. आकडे थरथरले आणि थांबले.

"एकशे तेहेतीस पॉइंट सहा," मी वाचलं.

"व्यायामशाळेच्या चकत्या कमी भरतातच," कोच म्हणाले. "स्वस्तातल्या."

मी चकत्या उतरवल्या, काटा उचलला आणि चटईचा तुकडा काढून बाकावर कोचच्या शेजारी ठेवला. काट्याच्या चार पायांचे चार गोल खळगे त्यात उमटले होते, आणि मधोमध एक चौकोनी दाब. कोचनी आधी तो चौकोन बघितला, मग बोटाने दाबून बघितला. काटा मी फरशीवर ठेवला. तो खडखडला. शून्य आलं. चकत्या पुन्हा ठेवल्या.

"वाच," एमेट म्हणाला. तो भिंतीपासून पुढे आला होता.

"एकशे पस्तीस पॉइंट सहा."

"परत."

मी सगळं उतरवून पुन्हा केलं. चटईवर एकशे तेहेतीस पॉइंट सहा, फरशीवर एकशे पस्तीस पॉइंट सहा. तिसऱ्यांदा केलं. तेच आलं.

"चटई कुणी घातली?" कोचनी विचारलं. आवाज अगदी हळू होता.

"मी. सहा तारखेला, सराव संपल्यावर. खडखड होऊ नये म्हणून."

एमेट हसला. ते हसू कुणाला दाखवायला नव्हतं. "त्या आठवड्यात घरच्या काट्यावर मी दोनने जास्त भरायचो," तो म्हणाला. "मला वाटलं, घरचा बिघडलाय. म्हटलं, रूचा काटा चुकणार नाही. म्हणून बुधवारी धावायला गेलो नाही. झोपलो." त्याने माझ्याकडे बघितलं. "फक्त अर्ध्या तासाचं धावणं होतं."

"मी कॉलेजला फोन करतो," कोच उठून म्हणाले. "आत्ता करतो. त्या प्रशिक्षकांना सगळं सांगतो."

"त्यांची यादी शुक्रवारी पूर्ण झाली, कोच," एमेट म्हणाला. "मी विचारलंय."

कोच उभेच राहिले. मग त्यांनी एमेटच्या खांद्यावर हात ठेवला, आणि एमेटने तो तसाच राहू दिला. काढला नाही, पण तिकडे वळलाही नाही.

"आणि बसमधलं थुंकणं?" तो मला म्हणाला. "तेही लिही ना. की ते अजून तसंच आहे?"

मी वहीचं नऊ फेब्रुवारीचं पान उघडलं. एकशे एकतीस पॉइंट सहावर एक रेघ मारली, खालचा आकडा वाचता येईल अशी. शेजारी आद्याक्षरं घातली. त्यापुढे दुरुस्त वजन लिहिलं: एकशे तेहेतीस पॉइंट सहा. त्याखाली रेफरीच्या काट्यावरचं वजन होतं, एकशे तेहेतीस पॉइंट चार. एमेट माझ्या खांद्यावरून बघत होता. मी वजाबाकी केली, औंसांत बदलली आणि त्याला ऐकू जाईल अशी वाचली.

"शाळेतून निघाल्यापासून रेफरीच्या काट्यापर्यंत घट, शून्य पॉइंट दोन पौंड. तीन पॉइंट दोन औंस."